जोडे हातात घेतलेली बाई

शिकागो
२१ जानेवारी २०२४

नीलांबरी वहिनी,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावर हाताने लिहिलेला पत्ता बघून तुम्ही आधी दचकला असाल. आपल्या लोकांत आता असं पाकीट आलं की माणूस विचारतो, लग्न कुणाचं, नाहीतर वकील कुणाचा. दोन्ही नाही. मी लायब्ररीत जायला लागलोय आणि हा माझा होमवर्क आहे.

हसून घ्या. मीनाक्षी असती तर तीही हसली असती. ती बिचारी जन्मभर मला पुस्तकं वाच म्हणत राहिली आणि मी जन्मभर गाड्यांखाली आडवा.

झालं असं. गॅरेज विकल्यापासून माझा सकाळचा कार्यक्रम ठरलेला: डेव्हनवरच्या देशी दुकानांतून एक चक्कर, मिठाईवाल्याकडे चहा, मग लायब्ररीत पेपर. एक दिवस पार्किंगमध्ये एक जुनी होंडा शिरली. मी न बघताच म्हटलं, "पुढचं उजवं चाक, बेअरिंग गेलंय. हायवेवर नेऊ नका." आतून एक बाई उतरल्या. म्हणाल्या, "तुम्ही तर मान वरसुद्धा केली नाही." म्हटलं, "ऐकलं ना." त्या लुचियाबाई. आजी-आजोबा इटलीहून आलेले. दर गुरुवारी लायब्ररीत जुनी इटालियन कविता शिकवतात, विषय: अवगुण आणि सद्गुण. मी बेअरिंग बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, मग वर्गात येऊन बसा. बसलो.

कविता सातशे वर्षांपूर्वीची आहे. लिहिली कुणी, ठाऊक नाही. बाईंनी स्वतः इंग्रजी करून झेरॉक्स दिल्यात. एक माणूस घरचं मीठ संपलं म्हणून जत्रेला निघतो. जत्रेत सात दुकानं, आणि दुकानदार कोण, तर सात अवगुण. गर्व, मत्सर, राग, आळस, लोभ, खादाडपणा, काम. प्रत्येकाच्या समोर रस्त्यापलीकडे एकेक सद्गुण बसलेला. अवगुण दिवसभर ओरडून गिऱ्हाईक बोलावतो, सद्गुण एकदाच हाक मारतो आणि गप्प बसतो. वाचताना मला आपली डेव्हन ॲव्हेन्यूच दिसली. फक्त आळसाच्या दुकानासमोर कुणी बसलेलं नाही. तिथून एक बाई धावत जाते, जोडे हातात घेऊन. हाकसुद्धा मारत नाही. ती कोण, कुठे चालली, हे पुढे येईल म्हणतात.

होमवर्क असा की वर्गाबाहेरचं एक माणूस निवडायचं आणि वाचलेलं त्याला हाताने लिहून कळवायचं. बाईंनी विचारलं, कुणाला लिहिणार? बाकीच्यांनी नातवंडं सांगितली. मी म्हटलं, माझ्या मित्राची बायको, मित्र आता नाही. मग वाटलं, हे फार लांबलं. म्हटलं, अ फ्रेंड. वहिनीला इंग्रजीत नीटसा शब्द नाही, ते त्या दिवशी बरं वाटलं.

राजेशने पार्सिपनीची नोकरी धरली तेव्हापासून आपला शेजार मोडला, पण दर रविवारचा फोन होता. डिसेंबरात त्या फोनवर मी जे विचारलं, ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही "बरं, बरं, ठेवते आता" म्हणालात, त्यात काय ते मला कळलं. आयुष्यभर आवाजावरून बिघाड ओळखत आलोय. घर विकायचं चाललंय आणि जूनमध्ये तुम्ही कायमच्या पुण्याला जाताय, हे तुमच्या मिहीरकडून कळलं. तोवर होमवर्कला उत्तर द्या, नाहीतर मी नापास होईन.

तुमचा
मोरेश्वर


पार्सिपनी
२ फेब्रुवारी २०२४

मोरेश्वर भाऊजी,
स. न.

तुमचं अक्षर इतकं चांगलं आहे हे इतकी वर्षं कुठे लपवलं होतंत? गॅरेजच्या बिलांवर तर मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं असायचं.

फोनवरचं मी केव्हाच सोडून दिलं. तुम्हीही द्या. आणि यापुढे फोन करूच नका. पत्रंच बरी. व्हॉट्सॲपवर "कशा आहात"च्या पुढे माणूस जात नाही, आणि फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता?

तुमच्या जत्रेचा मी नीट अभ्यास केला. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्म गेला, समोर काही आलं की आधी वर्गवारी करते. आपले षड्रिपू सहा, त्यांचे सात. म्हणून कागद घेतला आणि जोड्या लावल्या. मदाला गर्व मिळाला. मत्सराला मत्सर, क्रोधाला राग, लोभाला लोभ, कामाला काम. त्यांच्याकडे खादाडपणा आणि आळस उरले. खादाडपणा आपण पाप का धरलं नाही, हे मंडळाच्या दिवाळीत जेवणाची रांग पाहिली की कळतं. आळसाचं मात्र आश्चर्य वाटलं.

आणि आपल्याकडे उरला मोह. त्याला तिकडे दुकानच नाही. बाईंना विचारा, तुमच्या जत्रेत मोह कुठे बसतो?

इकडे घर विक्रीला काढायची तयारी. मिहीर आणि ज्ञानदा दर शनिवारी येऊन खोकी भरतात. सून गुणाची आहे, पण प्रत्येक वस्तू हातात धरून "आई, हे नको ना?" असं विचारते, आणि विचारतानाच खोक्यात टाकते. आसावरी तिकडे औंधला माझ्या नावाची पाटी करून बसली आहे. बहिणीच्या शेजारचा फ्लॅट, लिफ्ट, डॉक्टर खालच्या मजल्यावर. आणखी काय पाहिजे या वयात. तिकीट पाच जूनचं.

तिथे बर्फ किती आहे? तलावाच्या कडेला आपण चौघं चालायचो, तुमच्या टोपीवर बर्फ साचायचं आणि मीनाक्षी ते बोटाने टिचकी मारून पाडायची. परवा अचानक आठवलं. कारण काही नाही.

नीलांबरी


शिकागो
१८ फेब्रुवारी २०२४

नीलांबरी वहिनी,
सप्रेम नमस्कार.

फोन करू नका म्हणालात, केला नाही. रविवारी सकाळी हात खिशाकडे जातो, मग मी त्याला लिहायच्या कामाला लावतो.

तुमचा प्रश्न वर्गात नेला. लुचियाबाई खूश. फळ्यावर तुमच्या जोड्या लिहिल्या, अगदी तुमच्यासारख्या, आणि खाली मोह. म्हणाल्या, याचा अर्थ सांगा. आता आली पंचाईत. अटॅचमेंट म्हटलं, कुणाला पटेना. इल्यूजन म्हटलं, मलाच पटेना. त्या म्हणाल्या, एखादं उदाहरण द्या.

मी म्हटलं, "समजा एका माणसाच्या फोनमध्ये एक जुना व्हॉइसमेल आहे. अर्ध्या मिनिटाचा. एक ओळखीच्या बाई सांगतायत की पाठवलेल्या चकल्या पोचल्या, तिखट जास्त झाल्यात, पण मी कुणाला सांगणार नाही. मागे कुकरची शिट्टी. माणसाने फोन दोनदा बदलला, पण दोन्ही वेळा दुकानातल्या पोराला आधी सांगितलं की हे जायला नको. याला मोह म्हणतात."

आमच्यात फ्रँक म्हणून एक आहे, आगीच्या बंबावर होता, एरवी झोपलेला असतो. तो डोळे न उघडता म्हणाला, "हे पाप नाहीये. हा एकट्या माणसाचा फेब्रुवारी आहे."

सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, या कवितेत ओढ वाटणं हे पाप धरलेलंच नाही. ओढ घेऊनच माणूस घरून निघतो, नाहीतर निघेलच कशाला? ती चुकीच्या दुकानात गेली तर पाप. एकाच दुकानात सगळी उधळली तर पाप. म्हणून तुमच्या मोहाला इथे वेगळं दुकान नाही, तो सगळ्या रस्त्यावर आहे. मग म्हणाल्या, "आणखी एक प्रकार आहे, पण तो आळसाच्या पानावर येईल."

तर पुढच्या महिन्यात कळेल.

बाकी ठीक. वरचा मजला रंगवून घेतला. पोलिश भाडेकरू म्हातारा-म्हातारी गेल्यापासून रिकामाच होता. भिंतींना तो फिका पिवळा दिला, तुमच्या शिकागोच्या स्वयंपाकघरात होता तसा. खिडकीतून मेपल दिसतो. देवांग सिॲटलहून फोनवर म्हणतो, "बाबा, भाड्याने द्या ना, इट्स जस्ट सिटिंग देअर." म्हटलं, बसू दे. मीही बसलोच आहे की खाली.

डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं ठरलीत, आधी एक, मग दुसरा. मेच्या मध्यापर्यंत गाडी चालवायची नाही म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा मी आणि बस.

मोरेश्वर


पार्सिपनी
१० मार्च २०२४

मोरेश्वर भाऊजी,
स. न.

त्या चकल्या खरंच तिखट होत्या. आणि तुम्ही चारचौघांत सांगितलंत. मी मात्र शब्द पाळला.

घर लिस्ट झालं. एजंट बाईंनी सांगितलं, घरात घरच्यांचा एकही फोटो दिसता कामा नये. येणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे आपलंच घर. म्हणून राजेशचा फोटो टॉवेलांच्या कपाटात आहे. देवघर रिकामं करून तिथे लिंबं भरलेला काचेचा वाडगा ठेवलाय. रोज सकाळी मी त्या लिंबांसमोर उभी राहते, मग आठवतं.

कुणी बघायला आलं की मला बाहेर जावं लागतं. मग मी गाडीत बसून राहते, कोपऱ्यावर. आपल्याच घरात लोक शिरताना लांबून बघायचं. परवा एक तरुण जोडपं आलं, तिच्या कडेवर मूल. मला त्यांचा हेवा वाटला. तुमच्या दुसऱ्या दुकानात मी त्या दिवशी बरीच खरेदी केली.

मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम होता. ज्ञानदा हट्टाने घेऊन गेली. मी मध्यंतरात उठले, म्हटलं हीटर फार आहे. हल्ली गाणं नको वाटतं. त्यापेक्षा बागेत हरणं येतात ती बघावी. ती आवाज करत नाहीत.

तुमच्या बाईंना सांगा, ओढ हे पाप नाही हे त्यांच्या जत्रेत असेल. आमच्याकडे मोह शत्रूंमध्ये मोजलाय तो उगाच नाही. या वयात तो एकेक करून सोडायचा असतो. माणसं, घर, आवाज. मी त्यासाठीच पुण्याला चालले आहे. तिथे माझी आठवण असलेलं काहीच नाही, हीच त्या फ्लॅटची सोय.

वरचा मजला देवांग म्हणतो तसा भाड्याने देऊन टाका. चांगलं शिकलेलं कुटुंब बघा. पिवळा रंग लोकांना आवडतो.

आणि त्या धावणाऱ्या बाईचं काय झालं? जोडे हातात का घेतलेत तिने? पोचते कुठे? मला तिची काळजी लागली आहे. ऑपरेशनचं कळवा.

नीलांबरी


शिकागो
२९ मार्च २०२४

नीलांबरी वहिनी,
सप्रेम नमस्कार.

उजवा डोळा झाला. जग धुऊन ठेवल्यासारखं दिसतं. पिवळा रंग मला वाटला त्यापेक्षा भडक निघालाय.

आळसाचं पान झालं. मी वर्गात जरा ऐटीतच बसलो होतो. म्हटलं, बाकीच्या सहा दुकानांत माझं खातं असेल, इथे नाही. सांगलीहून हातात पाना घेऊन आलेला माणूस, सहाला गॅरेज उघडायचो, अंगात ताप असला तरी. बाईंना तसं सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "आधी दुकानदार बघा."

वहिनी, हा दुकानदार इतर सहांसारखा नाही. ओरडत नाही. गिऱ्हाईक आलं की बसायला स्टूल देतो, गरम दारूचा पेला देतो, बायकामुलांची चौकशी करतो. माणूस म्हणतो, मीठ हवंय. हा म्हणतो, "आहे ना, चांगलं आहे. उद्या ये." दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल, पुन्हा पेला. माणूस रोज येतो. दिवसभर कामं करतो, दुसऱ्यांची पोती उचलतो, घाम गाळतो, आणि संध्याकाळी इथे येऊन बसतो. शेवटी जत्रा उठते. बाई म्हणाल्या, "त्या काळचा आळस हा असा. हात चालूच असतात. आपल्याला काय हवंय हे ठाऊक असतं, त्यात वाईट काही नसतं, आणि तरी मन तिकडे पाय उचलत नाही. ओढीचा तो तिसरा प्रकार, उशिरा निघालेली ओढ."

फ्रँक त्या दिवशी जागा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "व्हॉइसमेल." एवढंच.

आता ती बाई. ती या दुकानासमोरचा सद्गुण. जोडे घालायला थांबली तर उशीर होईल म्हणून तिने ते हातात घेतलेत. पोचते कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. पोथीचं शेवटचं पान हरवलंय. बाई म्हणाल्या, ज्याला त्याला आपलं पान जोडावं लागतं.

बसने घरी आलो. वर गेलो, रिकाम्या खोलीत खिडकीशी उभा राहिलो. पत्र लिहायचं तर डिसेंबरातलं परत लिहायचं, असं ठरवून खाली आलो. त्या दिवशी फोनवर मी म्हटलं होतं: पुण्याला जाऊ नका. इथे या. वरचा मजला तुमचा, खालचा माझा, दोन चुली, एक जिना. तुम्ही वर चालताना मला ऐकू येईल आणि मला काही झालं तर तुम्हाला कळेल. लोक काय म्हणतील ते मला ऐकू येतं, माझे कान चांगले आहेत, पण आता मी त्याची फिकीर करत नाही. तुम्ही करत असाल तर तसं सांगा.

एवढं बोललो आणि तुम्ही "बरं, बरं, ठेवते आता" म्हणून ठेवलात. मी त्याला नकार समजून स्टुलावर बसून राहिलो. जानेवारीपासून कवितेच्या आडून लिहितोय. भिंती रंगवल्या, त्याही तुमच्यासाठी, आणि तुम्ही लिहिता भाडेकरू बघा.

म्हणून पुन्हा विचारतोय. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण नाही असा शब्द लिहा, म्हणजे मी तो वाचीन. ठेवते आता, असं लिहू नका.

मोरेश्वर

डोळ्याची अडचण नसती तर गाडी काढून दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात आलो असतो. आता तुमच्या पत्राची वाट.


पार्सिपनी
६ एप्रिल २०२४

मोरेश्वर भाऊजी,

तुमचं पत्र मी गाडीत बसून वाचलं, घरात गिऱ्हाईक होतं म्हणून. मग गाडीतच बसून राहिले. ते लोक केव्हा गेले मला कळलं नाही. तसंही मला हल्ली लोक गेलेले कळत नाहीत.

डिसेंबरात तुम्ही मला काय विचारलंत, हे मला या पत्रात पहिल्यांदा कळलं.

मला ऐकू येत नाही. डावा कान दसऱ्याच्या सुमारास एका तापानंतर पूर्ण गेला. उजव्यात थोडं आहे, यंत्र लावलं की तेवढं वाढतं, पण माणसांचे आवाज डब्यात खडे हलवल्यासारखे येतात. फोनवर तर काहीच नाही. मिहीरने तो अक्षरं उमटवणारा फोन आणला. त्या फोनला मराठी येत नाही. तुम्ही सांगलीच्या मराठीत बोलत होतात आणि पडद्यावर इंग्रजीत कुठल्यातरी शेळ्या आणि विम्याचे हप्ते येत होते. मी मध्येमध्ये हसत होते. तुम्ही हसलात असं वाटलं की हसायचं, असं ठरवलं होतं. मग तुम्ही बराच वेळ एकसारखं बोललात, गंभीर, मला नुसती घरघर येत होती. मग थांबलात. मी घाबरले. काहीतरी उत्तर द्यायचं होतं आणि मला कशाचं ते ठाऊक नव्हतं. म्हणून म्हटलं बरं, बरं, ठेवते आता.

पाठोपाठ तुमचं पत्र आलं, विचारलेलं मनाला लावून घेऊ नका. काय विचारलं होतं हे मी विचारू शकले असते. एका ओळीचं काम. पण मग सांगावं लागलं असतं की ऐकलं नाही. का ऐकलं नाही ते सांगावं लागलं असतं. तुम्ही! बेअरिंगचा आवाज पार्किंगमधून ओळखणारा माणूस. तुमच्यासमोर बहिरी म्हणून उभं राहायचं मला जमेना. तुम्ही कुणाकुणाशी मोठ्याने आणि सावकाश बोलता ते मी पाहिलंय. दयेने बोलता. ती माझ्या वाट्याला नको होती.

तेव्हा पहिलं, गर्वाचं दुकान माझं, भाऊजी. मोठं गिऱ्हाईक आहे मी तिथली.

पुण्याचंही खरं सांगते. तिथे मला कुणी पूर्वीची ओळखत नाही, म्हणून जायचं होतं. आसावरीला माझा आवाज ठाऊक आहे, माझं ऐकणं तिने फारसं पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय. मी गाणं ऐकताना डोळे मिटायचे, ते मीनाक्षीने तुम्हाला दाखवलं होतं एकदा, आठवतं? आता डोळे मिटले तर काहीच उरत नाही.

तुमचा आवाज मला आठवतो. विनोद सांगायच्या आधी घसा खाकरायची सवय. तो खाकरा आता आठवणीतच ऐकते, आणि तुम्ही तिकडे माझी चकली ऐकत बसलात. आपण दोघं काय माणसं आहोत.

तर माझं पान.

तुमचा प्रश्न मी वाचला. पण वाचलेल्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. इतके दिवस मी ऐकण्याचं सोंग केलं, आता खरं ऐकून उत्तर द्यायचंय. इथे एका बाईंकडे ओठ वाचायला शिकतेय. समोर बसायचं, उजेड तोंडावर हवा, बोलणाऱ्याने ओरडायचं नाही, सावकाशही नाही, नेहमीसारखं बोलायचं. तसं विचारा. मी येतेय.

अकरा मे, शनिवार, नेवार्कहून, दुपारी दोनला ओहेअर. मिहीरला सांगितलं. तो मोबाइलवर टाइप करून म्हणाला, "आई, तिकडे कशाला, एकटी कशी जाशील?" मी म्हटलं, काकांच्या वर्गाचा होमवर्क आहे. त्याने ज्ञानदाकडे बघितलं. तिने मला न विचारता माझी बॅग भरली, आणि या वेळी एकाही वस्तूला "हे नको ना?" म्हटलं नाही.

पुण्याचं तिकीट कॅन्सल केलेलं नाही. पुढे ढकललंय. पुढे ढकलणं हाही आळसच का, तेवढं बाईंना विचारून ठेवा.

दोन अटी आहेत. एक, तुमची ती मिशी. ओठांवर छपरासारखी आहे, तिच्याखालचं मला जन्मात वाचता येणार नाही. दुसरी, वहिनी म्हणू नका. हा शब्द म्हणताना ओठांवर काहीच दिसत नाही, मी आरशात बघितलं. माझं नाव म्हणताना मध्ये ओठ मिटतात. ते मला दिसेल. हाक कळण्यापुरतं सांगतेय.

आणि एअरपोर्टवर सिक्युरिटीला अजून माझ्या वयाच्या माणसांना सूट नाही. रांगेत जोडे हातातच घ्यावे लागतात. तुमच्या बाईंना कळवा, पोचते.

नीलांबरी


शिकागो
४ मे २०२४

नीलांबरी,

पहिल्यांदा लिहिलं. पेन दोनदा टेकवून उचललं. आरशासमोर म्हणून बघितलं, ओठ मिटतात, बरोबर आहे तुमचं.

तुमच्या पत्राला उशिरा उत्तर देतोय, पण आळस नाही. मधे डावा डोळा झाला, आणि आधी मला एक काम उरकायचं होतं. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला डिसेंबरातच कळायला हवं होतं. तुमचं हसू अर्ध्या क्षणाने मागे पडत होतं. इंजिनात तसं झालं असतं तर मी बॉनेट उघडलं असतं. मी ते ऐकलं, आणि त्याचा अर्थ माझ्याच भीतीप्रमाणे लावला. चांगले कान असल्याचा हा तोटा.

बाईंना तुमचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, कुठल्या दिशेला ढकललंय त्यावर आहे. फ्रँक गाडी घेऊन ओहेअरला येतो म्हणाला, मला अजून चालवायची नाही. वर पडदे लावलेत. खुर्च्या दोन, समोरासमोर, खिडकीशी, उजेड माझ्या तोंडावर येईल अशा.

ओरडणार नाही. सावकाश बोलणार नाही. तुम्ही नेहमीसारखं बोला म्हणालात, पण नेहमीसारखं मी तुमच्याशी बोललोय कुठे? तो एक प्रयत्न करीन.

काल डेव्हनवर न्हाव्याकडे गेलो. हैदराबादचा म्हातारा आहे, त्याने वस्तरा हातात धरून तीनदा विचारलं, पूर्ण? म्हटलं, पूर्ण. बाबा गेले तेव्हा काढली होती, तेव्हाही इकडेच होतो, त्यानंतर आता. ओठांना वारा लागतो, विसरलो होतो.

तिथून मिठाईवाल्याकडे गेलो तर मंडळाचा विवेक चहा पीत बसला होता. मला बघून ताडकन उठला, चेहरा पडलेला. आपल्याकडे मिशी एकाच कारणाने उतरते ना. जवळ आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, कोण गेलं?"

मी घसा खाकरला. म्हटलं, "गेलं कुणी नाही रे. येतंय."

मोरेश्वर